बारा बटणं आणि बाराखडी

मोबाइलवरची ती बारा बटणं मुळात आकड्यांसाठी होती. शून्य ते नऊ ही दहा, शिवाय एक चांदणी आणि एक हॅश. अक्षरं त्यांच्याकडे पोटभाडेकरूसारखी आली, एकेका आकड्याच्या खोलीत तीन-तीन, चार-चार. ही सोयसुद्धा मोबाइलची नव्हे. अमेरिकेत एक्स्चेंजची नावं डायल करता यावीत म्हणून जुन्या फिरत्या डायलवरच ए-बी-सी छापत असत. तीच मांडणी पुढे बटणांवर उतरली, दोनवर ए-बी-सी आणि नऊवर डब्ल्यू-एक्स-वाय-झेड. सव्वीस अक्षरं तिच्यात कशीबशी मावली. आपली मुळाक्षरं, त्यांच्या काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, हे सगळं गणगोत त्या बारा खोल्यांत कसं बसवायचं, हा प्रश्न ती मांडणी करणाऱ्यांपुढे कधी आलाच नाही. तो पडला आपल्याला, आणि आपल्यातही सगळ्यांत जास्त कुणाला पडला, ते पुढे सांगते.

मेसेज हा प्रकारही असाच परक्या मापाने बेतलेला. १९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे अभियंते टाइपरायटरवर साधी साधी वाक्यं लिहून त्यांतली अक्षरं मोजत बसले. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांच्या आत संपत होती. पोस्टकार्डावर माणसं एवढंच तर लिहितात, असा त्यांचा हिशेब. मेसेजची लांबी ठरली १६०. पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुणाने पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. गंमत म्हणजे तो त्याने संगणकावरून लिहिला होता, कारण मेसेज लिहिता येईल असा फोनच तेव्हा हाताशी नव्हता.

आपल्याकडे मोबाइलची सुरुवात ३१ जुलै १९९५ची. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. भोपाळला आमच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरांमध्ये मोबाइल म्हणजे साहेब लोकांच्या कमरेची वस्तू होती. बाकीच्यांचं जग लँडलाइनवर आणि सहा नंबरच्या स्टॉपवरच्या एसटीडीच्या काचेच्या खोलीत. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ‘मॉन्सून हंगामा’ नावाने ५०१ रुपयांत फोन हातात द्यायची योजना काढली, नोकियाचा बॅटरीवाला ११०० आला आणि बघता बघता गल्लीतल्या दर दुसऱ्या घरात फोन झाला. वीज गेली की त्या ११००चा उजेड करून आम्ही कुकरची शिटी शोधली आहे.

पण फोन करणं महाग होतं. विशेषतः माझ्यासारखीला, जिचं माहेर कारंज्याला. मध्य प्रदेशातून वऱ्हाडात बोलायचं म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं. मेसेज स्वस्त. म्हणून आम्ही बायका मेसेज लिहायला शिकलो, आणि शिकलो ते रोमन अक्षरांत.

ते लिहिणं म्हणजे काय होतं, हे आताच्या मुलींना सांगूनही पटत नाही. आय हे अक्षर हवं तर चारचं बटण तीनदा. सी हवा तर दोनचं तीनदा. एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं, किंवा एकाच बटणावरची दोन अक्षरं शेजारी आली, की मध्ये थांबायचं, ती बारीक रेघ लुकलुकून पुढे सरकेपर्यंत. आपल्या क्षमेच्या निरोपाचंच बघा. आमच्याकडे क्षमावाणीला ‘उत्तम क्षमा’ म्हणायची रीत, पण मेसेजच्या जमान्यात सगळ्यांनी ‘मिच्छामि दुक्कडम्’च उचललं. ते रोमनमध्ये सरळ लिहायला बटणं दाबावी लागत अठ्ठावीस वेळा, मधलं थांबणं वेगळं. आणि मग नावं! भाचे-पुतणे, व्याही, जुने शेजारी... पर्युषण संपता संपता अंगठा दुखायचा. माझ्या ओळखीच्या एकीने तर क्षमा मागण्याच्या यादीतून तीन घरं अंगठ्याच्या कारणावरून वगळली होती, आणि ते मला मोकळेपणाने सांगितलंही.

बरं, लिहिलेलं तरी नीट पोहोचावं? आपल्या भाषेला रोमन अक्षरं घातली की काल आणि काळ एक होतात, वेल आणि वेळ एक होतात, मला आणि माळा एक. ‘दळण आण’ हा माझा निरोप घरच्यांनी ऑफिसात ‘दालन आन’ असा वाचला आणि दोघा सहकाऱ्यांना दाखवून अर्थ विचारला. ‘बाबा बरे आहेत’ हे वाक्य माहेरहून आलं तर आपण ते प्रेमाने बरोबर वाचतो. पण मजकुराची निम्मी जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकायची ही पद्धत चिठ्ठीत कधी नव्हती. पोस्टमन पावसात भिजून आला तरी आंतरदेशीयावरचा ळ हा ळच असायचा.

अंगठ्याचे कष्ट कमी करायला एक युक्ती आली होती, टी-नाइन नावाची. अक्षरामागे बटण एकदाच दाबा, शब्द कोणता ते फोन ओळखेल. सिएटलच्या टेजिक नावाच्या कंपनीने ती १९९०च्या दशकात तयार केली. तिचं मूळ मला फार आवडतं. क्लिफ कुशलर आणि मार्टिन किंग ही तिच्यामागची मंडळी आधी अपंगांसाठी काम करत होती. ज्यांना बोलता येत नाही, हात हलत नाहीत, अशांना कमीत कमी हालचालींत शब्द जुळवता यावेत, या खटपटीतून ती युक्ती निघाली आणि पुढे कोट्यवधी धडधाकट अंगठ्यांच्या कामी आली. पण तिच्या पोटात कोश होता इंग्रजीचा. ‘आई’ लिहायला दोन-दोन-चार दाबावं, तर त्याच आकड्यांवर इंग्रजी ‘बॅग’ बसलेली. ‘काय’ लिहायला पाच-दोन-नऊ, तिथे ‘लॉ’ म्हणजे कायदा. ‘ताई’च्या जागी ‘टॅग’. इंग्रजी मेसेज लिहिणाऱ्याला त्या युक्तीने पंख दिले, आणि आम्ही ती सेटिंगमध्ये जाऊन बंद केली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. चौथी म्हणजे जुनी चौथी. रोज सकाळी स्वाध्यायाला बसत, पुराणकथा, चरित्रं, मासिकं, जे मराठी हाती पडेल ते वाचत, आणि नणंदेला दर पंधरवड्याला पत्र लिहीत. अक्षर बारीक, ओळी सरळ, पत्राच्या शेवटी जागा उरली तर एखादी भाजीची रीत. अशी बाई मोबाइलपुढे बसली की अंगठेबहाद्दर! त्यांना वाचता येत होतं, लिहिता येत होतं, फक्त त्या यंत्राला त्यांची लिपी येत नव्हती. निरक्षर होतं ते यंत्र, आणि निरक्षर ठरल्या त्या.

पत्रं बंद झाली, कारण नणंदेकडूनही पत्र येईना, तिच्याकडेही मोबाइल आला होता. मग सासूबाई माझ्या मुलाला जवळ बसवून मजकूर सांगायच्या. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. आजी सांगायची चार वाक्यं, तो लिहायचा एक. आणि आई आपल्या लेकीला जे लिहिते, ते दहा वर्षांच्या नातवाला सांगून कसं लिहवून घेणार? अंगावरून जाण्याची तक्रार, पाटल्या कुणाला द्यायच्या त्याचा विचार, सुनेबद्दल चार शब्द (माझ्याबद्दलच, म्हणजे ते मलाही लिहायला सांगता येणार नाहीत). हे सगळं आटत आटत ‘तब्येत बरी आहे, काळजी करू नको’ एवढ्यावर आलं. त्यांच्या पोटातलं दुखणं नणंदेला कळलं ते तीन महिन्यांनी, समोरासमोर भेटल्यावर. आमच्या रांगेतल्या क्वार्टरांमध्ये अशा किमान चार सासवा आणि आया मला माहीत होत्या, कुणी इंदूरकडच्या, कुणी नागपूरच्या, सगळ्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या. फोनच्या इतिहासात त्यांचा उल्लेख मी कुठे वाचलेला नाही.

देवनागरी फोनवर येतच नव्हती असं नाही. हिंदी मुलुखात राहण्याचा तेवढा फायदा आम्हाला झाला. नोकियाने २००० साली हिंदी मेनूचा फोन आणला होता, आणि २००४ साली ‘सरल मोबाइल संदेश’ या नावाने हिंदीत मेसेज लिहिण्याची सोय बऱ्याच फोनांवर दिली. न्यू मार्केटच्या दुकानांत ‘हिंदी वाला’ म्हणून फोन मागता येऊ लागला. लिपी तीच, म्हणजे मराठीचंही काम भागणार, अशी आशा. पण तिथे दोन खोडे होते.

पहिला खोडा पैशांचा. रोमन अक्षराला मेसेजमध्ये सात बिटांची जागा पुरते, म्हणून १६० मावतात. देवनागरीला युनिकोड लागतं, त्यात प्रत्येक चिन्हाला सोळा बिट. तेवढ्याच पिशवीत मग ७०च चिन्हं मावतात. आणि चिन्ह म्हणजे आपलं अक्षर नव्हे बरं का. ‘मि’मध्ये म एक आणि वेलांटी दुसरी, ‘च्छा’मध्ये च, हलन्त, छ, काना अशी चार. ‘मिच्छामि दुक्कडम्’ मधली मोकळी जागा धरून सतरा चिन्हं होतात. योगायोग असा, की रोमनमध्येही सतराच अक्षरं. पण तिथे १६०मधली सतरा, इथे ७०मधली सतरा. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की दोन मेसेजचे पैसे, आणि त्या दोन तुकड्यांना जोडणारी खूण लिहायला जागा जाते म्हणून प्रत्येक तुकड्यात सदुसष्टच. मराठीत मन मोकळं करायचं तर दुप्पट-तिप्पट दाम मोजा, असा तो मामला झाला. कुणी मुद्दाम केलेला नाही. १९८५ साली बॉनमध्ये मोजलेल्या वाक्यांत आपलं एकही वाक्य नव्हतं, एवढंच.

दुसरा खोडा समोरच्याचा. आपण देवनागरीत पाठवावं आणि पलीकडच्या फोनात ती लिपी नसेल तर तिथे उमटायचे नुसते चौकोन. कारंज्याला माझ्या वहिनीने एकदा घाबरून फोन केला होता, की तुझ्या मेसेजात नुसती खोकी आली आहेत, सगळं ठीक ना? आठ रुपयांचा फोन झाला, एक रुपयाच्या मेसेजपायी.

शिवाय ळ होताच. हिंदीला तो लागत नाही, म्हणून आमच्या घरातल्या त्या हिंदी फोनवर ळ कुठे आहे ते शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. ल-व-शच्या रांगेत सगळ्यांत शेवटी, बटण दाबत दाबत जावं, एक दाब जास्त झाला की पुन्हा पहिल्यापासून. अर्धा र, म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’मधला, तो तर मिळालाच नाही. मुलाने शोध लावला की ळऐवजी ल लिहिलं तरी चालतं. चालतं म्हणजे काय? ‘काळे’ आडनावाची माणसं ‘काले’ झाली, ‘बाळ’ ‘बाल’ झालं. परमुलुखात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांत आधी तोंडातला ळ जातो, हे आपण भोपाळला, इंदूरला, जबलपूरला बघतोच. तो हातातूनही जायची ती सोय होती. सासूबाईंनी मात्र त्या फोनवर ळ असल्याशिवाय लिहायला साफ नकार दिला. ‘अशुद्ध लिहून पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं’, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा तो हट्ट वाटला. आता वाटत नाही.

फोनवर इंटरनेट आलं तेही असंच, दुसऱ्याच्या मापाचं. वॅप नावाचा तो प्रकार एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी १९९७ साली मिळून ठरवला, आणि १९९९मध्ये नोकियाचा ७११० हा फोन तो घेऊन बाजारात उतरला. चार-पाच ओळींचा पडदा, चित्र जवळपास नाही. त्यातल्या एका पानाला ते ‘पत्ता’ म्हणायचे आणि पानांच्या गठ्ठ्याला ‘पत्त्यांचा जोड’. सबंध जोड एकदम फोनात उतरायचा आणि मग एकेक पत्ता उलटत जायचं. कल्पना छान, पण जिथे जायचं तिथलं ठिकाण टाइप करणं म्हणजे तपश्चर्या. तीन डब्ल्यू म्हणजे नऊचं बटण तीनदा, दर वेळी थांबून. तिरकी रेघ चिन्हांच्या तक्त्यात दडलेली. एक अक्षर चुकलं की काही नाही, आणि त्याचेही पैसे. म्हणून बहुतेकांनी तिथे जाणंच सोडलं आणि कंपनीने दिलेल्या यादीवर समाधान मानलं. रिलायन्सच्या फोनांवर ‘आर वर्ल्ड’ होतं, त्यात यादीतून निवडत जायचं, टाइप करायला नको. क्रिकेटचा स्कोअर, गाणी, बातम्या. बायकांनी त्यावर काय बघावं असं कुणी ठरवलं होतं ते राशिभविष्यावरून कळायचं.

खरा बदल केला ऑपेरा मिनीने. नॉर्वेच्या कंपनीचा हा छोटा ब्राउझर २००६च्या जानेवारीत जगभर खुला झाला. त्याची रीत अशी, की पान आधी त्यांच्या मोठ्या यंत्रावर उघडायचं, तिथे ते दाबून पिळून लहान करायचं आणि मग फोनकडे पाठवायचं. दहा केबीला दहा पैसे, म्हणजे एका एमबीला जवळपास दहा रुपये, असा दर पुढे बरीच वर्षं होता. त्या दरात हे पिळणं फार मोलाचं. पण मराठी पान उघडलं की पुन्हा ती खोकी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून होता, वर्तमानपत्रं हळूहळू युनिकोडमध्ये येत होती, म्हणजे वाचायला मराठी होतं, फोनच ते दाखवत नव्हता.

त्यावरचा उपाय पोरांच्या तोंडून घराघरांत पसरला. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा’, मग दोन टिंबं, मग ‘कॉन्फिग’ असं लिहायचं. एक यादी उघडते. तिच्या तळाशी अवघड लिप्यांसाठी अक्षरांऐवजी चित्रं वापरायची का, असा एक प्रश्न असतो, त्याला हो म्हणायचं आणि जतन करायचं. मग नॉर्वेवाल्यांचं यंत्र देवनागरी मजकुराचं चित्र काढून पाठवायचं आणि आपल्या अडाणी फोनावर चक्क मराठी ओळ उमटायची. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने २००९-१० साली अशी कमीत कमी वीस घरांत मराठी-हिंदी ‘चालू करून दिली’, चहाच्या मोबदल्यात. सासूबाईंनी त्या बोटभर पडद्यावर पहिल्यांदा मराठी बातमी वाचली ती चष्म्यावर भिंग धरून. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘आता यात लिहायचं कुठं?’ ते जमत नव्हतं. चित्र ते चित्रच, त्यात अक्षर घालता येत नाही.

एक अक्षर तर तोपर्यंत फोनातच काय, जगाच्या कोशातही नव्हतं. ‘ॲसिड’, ‘ॲप’ यांतला आपला ॲ. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण हा ॲ त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून बसला २००८ साली. हिंदी ‘ऐसिड’ लिहून मोकळी होते, तिला गरज नाही. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि लिपी कशी असावी याचा निर्णय काढला. आपलं कोणतं अक्षर आपलं, हे मांडून ठेवल्याशिवाय यंत्र बनवणारा ते घालणार नाही, ही गोष्ट तोवर सरकारच्याही लक्षात आली असावी.

फोनावरची बटणं गेली आणि काच आली, तेव्हा कुठे हा गुंता सुटायला लागला. मुंबईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी हे प्राध्यापक भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर २००० नंतरच्या दशकापासूनच काम करत होते. २०१३ साली त्यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड फुकट दिला, मराठीचा वेगळा. त्याची मांडणी आपल्या पाटीवरच्या तक्त्यासारखी आहे. क, ख, ग, घ ओळीने. क वर बोट ठेवलं की भोवती एक चाक फुलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू... सगळी बाराखडी. हवं तिकडे बोट सरकवायचं. ळ आपल्या जागेवर. शिकायला नवं काही नाही, जे बिगरीत शिकलो तेच.

सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मुलगा कॉलेजात जायला लागला होता, त्याने आपला जुना फोन त्यांना दिला आणि चाक दाखवलं. काचेवर बोट कापायचं, क चा ख व्हायचा, पण आठवड्याभरात त्या लिहायला लागल्या. नणंदेला पहिलाच मेसेज गेला तो पाटल्यांचा. मला तो दाखवला नाही, आणि मी विचारलंही नाही.

सरकारी नियम यायला आणखी वेळ लागला. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनावर बावीसही भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे, असं मानक २०१६ साली ठरलं. मुदत २०१७च्या जुलैची होती, ती पुढे वाढवली गेली. त्याच २०१७च्या ऑगस्टमध्ये गूगलने मराठी बोलून लिहायची सोय दिली. आता तर माझ्या शेजारणी भाजी निवडता निवडता फोनला सांगतात आणि तो लिहितो, ळसकट. फक्त शेजारी कुणी असलं की सासूबाईंची जुनी अडचण नव्याने येते, पाटल्यांची गोष्ट मोठ्याने कशी बोलणार? त्यांनी शेवटपर्यंत चाकच वापरलं.

मुलगा-सून पुण्याला आहेत. त्यांच्या फोनात मराठीचे तीन कीबोर्ड आहेत आणि मला मेसेज येतो तो रोमनमध्ये, ‘हो आई’ एवढाच. सवय त्या बारा बटणांची, बटणं गेली तरी अंगठ्यात राहिली आहे.

एक गोष्ट मात्र हाती लागत नाही. कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत सासूबाईंना आलेली पत्रं आहेत, १९६१पासूनची, काही तर शाई फुटलेली. २०१३ नंतरचे त्यांचे मेसेज मुलाने उतरवून ठेवले आहेत. मधली दहा वर्षं कोरी आहेत. जुन्या फोनांत मोजके मेसेज मावत, पाकिटाची खूण लुकलुकायला लागली की पुसून जागा करावी लागे, आणि आम्ही पुसत गेलो. नणंदेच्या मोठ्या मुलीचं लग्न, कारंज्याचं घर विकलं ते, माझ्या वडिलांचं जाणं, सगळं त्याच दहा वर्षांतलं. पेटीत त्या काळचा कागद एकच आहे. दुकानदाराने दिलेली ५०१ रुपयांची पावती, आणि तिच्या मागे सासूबाईंच्या अक्षरात नणंदेचा दहा आकडी नंबर.